स्वतःवर पाच खटले भरणारे डॉक्टर : वॉर्सातील मुलांच्या न्यायालयाची गोष्ट

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास वॉर्सा शहरातील एका अनाथालयाच्या संचालकाने सहा महिन्यांत स्वतःवर पाच वेळा फिर्याद नोंदवली. एकदा एका मुलाच्या कानशिलात मारल्याबद्दल, एकदा एकाला शयनगृहाबाहेर काढल्याबद्दल, एकदा कोणाला तरी कोपऱ्यात उभे केल्याबद्दल, एकदा न्यायाधीशाचा अपमान केल्याबद्दल आणि एकदा एका मुलीवर चोरीचा आळ घेतल्याबद्दल. पाचही वेळा निकाल देणारे न्यायाधीश त्याच अनाथालयातील मुले होती. संचालकाला मतदानाचा अधिकार नव्हता. प्रत्येक वेळी मुलांनी त्याला माफ केले.

त्या संचालकाचे नाव यानुश कोर्चाक. हे त्यांचे टोपणनाव. मूळ नाव हेन्रिक गोल्डश्मिट. जन्म वॉर्सातील एका सुशिक्षित ज्यू कुटुंबात, २२ जुलै रोजी. वर्ष मात्र १८७८ की १८७९, हा घोळ कायमचा राहिला, कारण वडिलांनी जन्माची नोंद वेळेवर केलीच नाही. शिक्षणाने ते वैद्य, वृत्तीने लेखक. मुलांच्या रुग्णालयात नोकरी, नावाजलेली पुस्तके, श्रीमंत घरांतून येणारी बोलावणी असे सर्व काही जुळून आले असताना त्यांनी वैद्यकीचा सरळ मार्ग सोडला आणि अनाथ मुलांच्या घराची जबाबदारी घेतली.

शाळेच्या पहिल्या दिवशी फळ्यावर नियम कोणी लिहायचे, हा प्रश्न आज शिक्षकांच्या प्रशिक्षणात हमखास निघतो. ‘विद्यार्थ्यांना नियम ठरवण्यात सहभागी करून घ्या’ हे वाक्य आता गुळगुळीत झाले आहे. कोर्चाक यांच्या काळात ते गुळगुळीत नव्हते. त्या वेळचे वॉर्सा रशियन झारच्या साम्राज्यात होते. प्रौढांनाही आपले कायदे स्वतः करण्याचा अधिकार नव्हता. अशा शहरात दहा वर्षांच्या पोराच्या हाती न्यायदान देणे ही चेष्टा वाटण्याचीच शक्यता अधिक होती.

त्यांना ही कल्पना बंद खोलीत सुचलेली नाही. १९०४ पासून काही उन्हाळे ते गरीब वस्त्यांतील मुलांच्या सुट्टीतील शिबिरांवर देखरेख करणारे म्हणून गेले. पहिल्याच शिबिरात त्यांचा गोड भ्रम उतरला. मुलांवर प्रेम केले की ती आपोआप शिस्तीत वागतील, अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात पहिल्या रात्री शयनगृहात गोंगाट झाला, धमकी द्यावी लागली आणि एका मुलाचा कान पिरगळण्यापर्यंत पाळी आली. हे सारे त्यांनी पुढे लपवून न ठेवता लिहून काढले. त्याच शिबिरांत मुलांनीच मुलांच्या भांडणांचा निवाडा करण्याचा प्रयोग प्रथम झाला. एखाद्या चांगल्या शिक्षकाची सुरुवात फसण्याने व्हावी, हा योग आपल्याकडेही आढळतो. गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातील शिक्षकाने पहिल्या दिवशी मोठ्या हौसेने शांततेचा खेळ योजलेला असतो आणि वर्गात होतो तो निव्वळ कल्लोळ. भावनगरला गिजुभाईंच्या बरोबरीने काम केलेल्या ताराबाई मोडक यांच्यामुळे ही परंपरा महाराष्ट्रात बोर्डी-कोसबाडपर्यंत आली, हे इथे ओघाने सांगायला हरकत नाही.

ऑक्टोबर १९१२ मध्ये वॉर्सातील क्रोख्माल्ना रस्त्यावरील ९२ क्रमांकाच्या नव्या इमारतीत ‘दोम सिएरोत’, म्हणजे अनाथांचे घर, सुरू झाले. इमारत त्या काळाच्या मानाने अप्रूपाची होती. मध्यभागी उंच खिडक्यांचे प्रशस्त दालन, मध्यवर्ती उष्णतेची सोय, विजेचे दिवे, फरशी बसवलेली न्हाणीघरे. सुमारे शंभर मुले-मुली. कोर्चाक यांच्या सोबतीला स्तेफानिया विल्चिन्स्का. संस्थेचा रोजचा गाडा खऱ्या अर्थाने त्यांनीच ओढला. महायुद्धात कोर्चाक यांना रशियन सैन्यात डॉक्टर म्हणून जावे लागले, तेव्हा चार वर्षे संस्था त्यांनी एकटीने सांभाळली. इतिहासात मात्र त्यांचे नाव बहुधा दुसऱ्या ओळीत येते.

नव्या घरात मुलांनी आनंदाने उड्या मारल्या असतील, असे वाटेल. तसे घडले नाही. गल्लीबोळांत वाढलेल्या, अंधाऱ्या जागेत राहण्याची सवय असलेल्या मुलांना ती चकचकीत, थंड, नियमांनी बांधलेली इमारत परकी वाटली. जुन्या जागेतील म्होरके नव्या व्यवस्थेत निष्प्रभ झाले होते. मुलांनी उघड बंड केले नाही. त्याहून अवघड असा मूक असहकार केला. सांगितलेले ऐकायचे नाही, ठरवलेले विसरायचे आणि मोठ्यांची पाठ वळली की एकमेकांना सामील व्हायचे. ते पहिले वर्ष आपल्या आयुष्यातील सर्वांत वाईट वर्षांपैकी एक होते, असे कोर्चाक यांनी नोंदवले. सर्व नियम मोठ्यांनी आधीच ठरवून ठेवले होते. चांगले नियम होते, विचारपूर्वक केलेले होते, पण मुलांच्या लेखी ते दुसऱ्याचे होते.

या कोंडीतून हळूहळू जी रचना उभी राहिली, ती काही एका सभेत मंजूर झालेली घटना नव्हती. सुरुवात लहान वस्तूंपासून झाली. मुलांच्या हाताला येईल अशा उंचीवर एक सूचनाफलक लावला. एक टपालपेटी ठेवली. ज्याला काही मागायचे, विचारायचे, गाऱ्हाणे सांगायचे, त्याने चिठ्ठी लिहून टाकावी. कारण दिवसभर शंभर मुले एकाच माणसाच्या बाह्या ओढू लागली, तर कोणाचेच ऐकले जात नाही. लिहायला बसलेल्या मुलाला विचार करावा लागतो. अनेक तक्रारी कागदापर्यंत पोहोचतच नाहीत. हरवलेल्या वस्तूंसाठी एक काचेचे कपाट आले. त्यात दोऱ्याचे तुकडे, बटणे, खिळे, काचा असा ऐवज जमा होई. मोठ्यांच्या दृष्टीने तो कचरा. पण प्रत्येक तुकड्याला मालक आहे आणि तो फेकून देणारा शिक्षक दुसऱ्याच्या मालमत्तेची नासधूस करतो, अशी कोर्चाक यांची ठाम भूमिका होती. झाडू अडगळीतून काढून दर्शनी जागी ठेवला गेला. झाडलोट, भांडी, लहानांची देखभाल या कामांच्या पाळ्या मुलांकडे गेल्या. स्वच्छ पुसलेले टेबल हे सुवाच्य उतरवलेल्या पानाच्या तोडीचे मानले जाऊ लागले.

आणि मग न्यायालय.

त्याची कार्यपद्धती साधी होती. ज्याला ज्याच्यावर फिर्याद करायची असेल, त्याने फलकावर दोघांची नावे लिहायची. चिटणीस त्या दिवशी दोन्ही बाजू आणि साक्षी वहीत उतरवून घेई. हे चिटणीसपद शिक्षकाकडे असे. त्याने नोंद ठेवायची, निकालात तोंड घालायचे नाही. आठवड्यातून एकदा पाच न्यायाधीश बसत. ते निवडून येत नसत. त्या आठवड्यात ज्यांच्यावर एकही खटला नाही, अशा मुलांतून चिठ्ठ्या टाकून काढले जात. त्यामुळे लोकप्रिय मुलांची टोळी न्यायासनावर कायमची बसण्याचा धोका टळला. कोणी मारले, कोणी चिडवले, कोणी न विचारता पुस्तक घेतले, कोणी खेळात खोडा घातला, असेच हे खटले. मोठ्यांच्या कानाला क्षुल्लक वाटणारे, ज्याच्यावर गुदरले त्याला मुळीच क्षुल्लक न वाटणारे.

निकाल देण्यासाठी एक संहिता होती. ‘हजार कलमांची संहिता’ म्हणून ती प्रसिद्ध आहे, आणि इथेच एक गैरसमज दूर करायला हवा. तिच्यात हजार कलमे नाहीत. १ ते ९९ या क्रमांकांची कलमे आहेत. त्यानंतर थेट १००, २००, ३०० असे शंभराचे टप्पे घेत ती १००० वर जाते. म्हणजे शेवटची कलमे जेमतेम दहा. या आकड्यांच्या मांडणीतच सारे तत्त्वज्ञान दडलेले आहे. पहिली नव्व्याण्णव कलमे निर्दोष सोडण्याची, खटला काढून टाकण्याची किंवा माफ करण्याची आहेत. फिर्यादीनेच तक्रार मागे घेतली. खरे काय घडले ते न्यायालयाला कळले नाही. त्याने रागाच्या भरात केले. त्याला ठाऊक नव्हते. तो नवीन आहे. त्याला पश्चात्ताप झाला आहे. अशा माफीच्या कारणांची ती एक विलक्षण यादी आहे. फौजदारी कायद्याची पुस्तके गुन्ह्यांची वर्गवारी करतात. या डॉक्टरांनी क्षमेची वर्गवारी केली.

कलम १०० म्हणजे पहिली पायरी : न्यायालय माफ करत नाही, आरोप खरा आहे एवढेच नोंदवते. शिक्षा नाही. २०० : तो चुकीचे वागला. ३०० : तो वाईट वागला. ४०० : त्याचा अपराध गंभीर आहे. ५०० वर नाव संस्थेच्या वृत्तपत्रात छापले जाई, ६०० वर फलकावरही लागे, ७०० वर घरच्या माणसांना कळवले जाई. ८०० म्हणजे आपल्याला या मुलापुढे उपाय सापडत नाही, अशी न्यायालयाची कबुली. ९०० म्हणजे आशा संपली. त्याची हमी घेणारा कोणी पुढे आला, तरच त्याने इथे राहावे. आणि १००० म्हणजे संस्थेतून निष्कासन. तरीही त्यानंतर तीन महिन्यांनी परत येण्यासाठी अर्ज करण्याचा हक्क त्याला होता. मार, उपवास, कोंडून ठेवणे या संहितेत कुठेच नाही. त्या काळच्या वसतिगृहांत या तिन्हींचा सर्रास वापर होत असे.

संहितेच्या प्रास्ताविकात कोर्चाक यांनी न्यायालयाविषयी भलते दावे केलेले नाहीत. न्यायालय म्हणजे न्याय नव्हे, त्याने न्यायाच्या दिशेने जायचे असते. न्यायाधीश चुकू शकतात. जाणूनबुजून खोटा निकाल देणे मात्र लाजिरवाणे आहे, अशा आशयाची ती मांडणी आहे. बलवानांच्या दांडगाईपासून शांत मुलांचे रक्षण करणे आणि कामचुकारांच्या बेफिकिरीपासून कामसू मुलांना वाचवणे, हे काम त्यांनी न्यायालयावर सोपवले.

आता सर्वांत अवघड प्रश्न. ही संहिता लिहिली कोणी? मुलांनी नव्हे. ती कोर्चाक यांनी लिहिली. मुलांना नियम करण्यात सामील करून घेण्याच्या इतिहासातील सर्वांत गाजलेल्या दस्तऐवजाचा कर्ता एक प्रौढ डॉक्टर आहे, ही गोष्ट अनेक गौरवपर लेखांत सोयीस्करपणे गाळली जाते. पण ती गाळल्याने या प्रयोगाचे वैशिष्ट्यच हरवते. वर्गात ‘सांगा मुलांनो, कोणते नियम हवेत?’ असे विचारले, की मुले बहुधा शिक्षकाला आवडतील तीच उत्तरे देतात, हे कोणत्याही शिक्षकाला ठाऊक असते. कोर्चाक यांनी नियम सुचवण्याचा मान मुलांना दिला की नाही, यापेक्षा मोठी गोष्ट केली : नियम लावण्याची सत्ता दिली, आणि ती सत्ता स्वतःवरही चालेल असे पाहिले.

हेदेखील पहिल्या फटक्यात जमले नाही. सुरुवातीच्या काळात न्यायालय जवळजवळ कोसळले. रागाच्या भरात भरलेल्या फिर्यादींचा पाऊस पडला. ‘थांब, तुला कोर्टात खेचतो’ ही नवी धमकी झाली. मोठी, दांडगी मुले लहान न्यायाधीशांना जुमानेनात. निकाल विरुद्ध गेला की पक्षपाताचा आरोप होई. कलम १०० ला शिक्षाच नसल्यामुळे काहींना ते हास्यास्पद वाटू लागले. मुलांना बरोबरीचे स्थान नको आहे की काय, मार खाऊन मोकळे होणे त्यांना अधिक सोपे वाटते की काय, अशी कटू शंका कोर्चाक यांनी त्या दिवसांत लिहून ठेवली आहे. अखेर त्यांनी न्यायालयाचे काम काही आठवडे थांबवले.

ते पुन्हा सुरू झाले तेव्हा त्यात दुरुस्त्या होत्या. निकालावर काही काळाने फेरविचार मागता येऊ लागला. गुंतागुंतीच्या खटल्यांसाठी एक न्यायमंडळ नेमले गेले. त्यात शिक्षकाबरोबर गुप्त मतदानाने निवडलेली मुले असत. आणि तिसरी दुरुस्ती सर्वांत धाडसी होती : मुलांना शिक्षकांवर आणि नोकरवर्गावर खटला भरण्याचा अधिकार मिळाला. त्या पाच फिर्यादींकडे या पार्श्वभूमीवर पाहायला हवे. त्या गंमत म्हणून किंवा मुलांना खूश करण्यासाठी नव्हत्या. ‘घटनात्मक’ पद्धतीचा शिक्षक होण्याचे खरे शिक्षण आपल्याला त्या पाच खटल्यांनी दिले, अशी कबुली कोर्चाक यांनी दिली आहे. मुलावर प्रेम आहे म्हणून नव्हे, तर मुलाला शिक्षकाच्या लहरीपासून संरक्षण देणारी एक संस्था आहे म्हणून अन्याय टाळायचा, हा त्यांचा मुद्दा होता.

पोलंड १९१८ मध्ये स्वतंत्र झाला; पुढच्याच वर्षी देशाच्या संसदेची, म्हणजे ‘सेइम’ची, निवडणूक झाली. मुलांच्या घरातही एक सेइम होते. पाच मुलांचा एक मतदारसंघ; त्यात चार मते मिळवणारा प्रतिनिधी; असे एकूण वीस प्रतिनिधी. अप्रामाणिकपणाचा ठपका असलेल्याला उमेदवारी नव्हती. हे सेइम विशेष दिवस ठरवी, आणि ते ठराव आजही वाचताना हसू फुटते. २२ डिसेंबर हा वर्षातील सर्वांत लहान दिवसांपैकी एक, म्हणून त्या दिवशी उठण्याची सक्ती नाही. २२ जूनला रात्र इतकी लहान, की झोपायला जाण्याची सक्ती नाही. पहिला बर्फ पडेल तो दिवस घसरगाडीचा. मुलांना नियम करू दिले तर ती काय करतील, या शंकेला हे एक उत्तर आहे : ती कॅलेंडरकडे पाहतील आणि सुट्ट्या मागतील, पण सबळ कारण देऊन.

सर्वच प्रथा इतक्या गोजिरवाण्या नव्हत्या. नव्या मुलाला काही काळ झाल्यावर सर्व मुले त्याच्याविषयी मतदान करत : आवडतो, आवडत नाही, काही वाटत नाही. त्यावरून त्याचा संस्थेतील दर्जा ठरे. ‘सोबती’ हा मानाचा. सर्वांत खालचा ‘त्रासदायक पाहुणा’ अशा अर्थाचा. मतदान पुन्हा होई आणि दर्जा सुधारता येई, हे खरे. तरीही अनाथ झालेल्या एखाद्या नऊ वर्षांच्या मुलाला आपण बहुतेकांना आवडत नाही हे आकड्यांत कळणे, यातली क्रूरता नाकारता येत नाही. लोकशाहीतही बहुमताचा जाच असतो आणि लहान घरात तो अधिक जवळून बोचतो. कोर्चाक यांच्या चाहत्यांनी या प्रथेकडे जरा कमीच लक्ष दिले आहे.

स्वतः कोर्चाक मात्र मुलांच्या सत्तेविषयी भाबडे नव्हते. १९२३ च्या सुमारास प्रसिद्ध झालेली त्यांची ‘राजा माचिउश पहिला’ ही बालकादंबरी याची साक्ष देते. लहान वयात गादीवर आलेला राजा मुलांची संसद भरवतो. मुले मोठ्यांची कामे हाती घेतात, मोठी माणसे शाळेत बसतात आणि देशाची पुरती वाताहत होते. सत्ता एका रात्रीत बहाल करून चालत नाही. वही, चिठ्ठी, पाळी, फेरविचार अशा किरकोळ दिसणाऱ्या साधनांनी ती पचवावी लागते. ते काम क्रोख्माल्ना रस्त्यावर वर्षानुवर्षे चालले. १९२६ पासून त्यांनी ‘माली प्शेग्लोंद’ हे मुलांनी लिहिलेले साप्ताहिकही सुरू केले. एका मोठ्या दैनिकाची ती पुरवणी होती आणि तिचा शेवटचा अंक १ सप्टेंबर १९३९ चा आहे. त्याच दिवशी जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले.

अशा प्रयोगांत कोर्चाक एकटे नव्हते. इंग्लंडमध्ये होमर लेन यांच्या ‘लिटल कॉमनवेल्थ’ने १९१३ मध्ये गुन्हेगार ठरवलेल्या मुलांकडे कारभार दिला, ए. एस. नील यांच्या समरहिलमध्ये शाळेच्या सभेत सहा वर्षांच्या मुलाचे आणि मुख्याध्यापकाचे मत सारखेच मोजले जाई. शांतिनिकेतनात मुले आपला नायक निवडत आणि किरकोळ अपराधांचा निवाडा आपसांत करत. कोर्चाक यांचे वेगळेपण हे की त्यांनी अपयशासह सारे लिहून ठेवले.

रवींद्रनाथांचा धागा पुढे अनपेक्षित ठिकाणी जुळला. १९४० च्या अखेरीस नाझींनी अनाथालयाला क्रोख्माल्ना रस्त्यावरून हलवून ज्यूंसाठी भिंती घातलेल्या वस्तीत, म्हणजे घेटोत, कोंडले. स्थलांतराच्या वेळी मुलांसाठी आणलेले बटाटे जप्त झाले. त्याविरुद्ध दाद मागायला गेलेल्या कोर्चाक यांनाच काही आठवडे तुरुंगात डांबले गेले. बाहेर कायद्याच्या नावाखाली रोज नवे हुकूम निघत होते आणि ते मोडण्याची शिक्षा मृत्यू होती. आत दोनशेच्या घरात मुले होती. अन्न अपुरे होते. तरी दिनचर्या, पाळ्या, रोजनिशी लिहिणे शक्य तितके चालू ठेवले गेले. १८ जुलै १९४२ रोजी या मुलांनी रवींद्रनाथांचे ‘डाकघर’ हे नाटक सादर केले. खिडकीशी बसून राजाच्या पत्राची वाट पाहणाऱ्या आजारी अमलची ती गोष्ट. चारच दिवसांनी घेटोतील लोकांना त्रेब्लिंका येथील मृत्युछावणीत नेण्यास सुरुवात झाली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात अनाथालयाची पाळी आली. कोर्चाक आणि विल्चिन्स्का मुलांबरोबर गेले. कोणीही परत आले नाही.

पोलंडने १९७८ मध्ये बालहक्कांचा जागतिक करार व्हावा, असा प्रस्ताव संयुक्त राष्ट्रांपुढे मांडला. तो करार २० नोव्हेंबर १९८९ रोजी संमत झाला. भारत १९९२ मध्ये त्यात सामील झाला. त्याचे बारावे कलम सांगते, की स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा अधिकार मुलाला आहे आणि त्या मताला त्याचे वय व समज पाहून योग्य वजन दिले पाहिजे. भारतात २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शाळेतील शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली. कानशिलात मारल्याबद्दल शिक्षकाने स्वतःचे नाव फलकावर लिहिले, त्याला तेव्हा नव्वदच्या आसपास वर्षे झाली होती.

क्रोख्माल्ना रस्त्यावरची ती इमारत युद्धात होरपळूनही उभी राहिली. आता त्या जागेचा पत्ता याक्तोरोव्स्का रस्ता, ६ असा आहे. दुरुस्तीत माळ्यावरची खोली मात्र पुन्हा बांधली गेली नाही; कोर्चाक तिथेच राहत असत.